मुखत्यारपत्राची एक्स्पायरी डेट

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे बँकेचे व्यवहार दुसऱ्या कुणी सांभाळायचे असतील तर आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक नियमाचा आणि अवघड, दुसरा नियमात न बसणारा आणि भलताच सोपा. नियमाचा रस्ता म्हणजे मुखत्यारपत्र, ज्याला आपण सगळे पॉवर ऑफ ॲटर्नी म्हणतो. सोपा रस्ता म्हणजे त्या माणसाचं एटीएम कार्ड, पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल सरळ आपल्याकडे घेऊन टाकणे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही सोसायटीत खासगीत चौकशी करून बघा, दुसऱ्या रस्त्यावर किती ट्रॅफिक आहे ते कळेल. पहिल्या रस्त्यावर माझ्यासारखे थोडे हट्टी लोक भेटतील.

आज लिहायचंय ते या पहिल्या रस्त्याबद्दल. घाईत असलेल्यांसाठी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेलं की त्रास होतो हे खरंच आहे, पण तो यातला लहान प्रश्न. मोठा प्रश्न असा, की आपण ज्या दिवसाच्या भीतीने हा कागद करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी तो कायद्याने संपतो. आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. नोटरी सांगत नाही, बँक सांगत नाही, आणि घरातले तर "पॉवर केलीय ना, मग झालं" म्हणून निर्धास्त असतात.

आता माझा या विषयाशी संबंध काय ते थोडक्यात. माझी मोठी आत्या मुलुंड पूर्वेला एकटी राहते. वय ७६, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, लग्न केलं नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं खाली उतरणं बंद झालंय. इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि ही तिसऱ्या मजल्यावर. डोकं मात्र अजून शाळा तपासनीसासारखं चालतं. दूधवाल्याच्या हिशेबात तीन रुपयांची चूक सापडली तर ती त्याला सोडत नाही. मी राहतो बोरिवलीला, नोकरी अंधेरीत. "तू इंजिनिअर आहेस, तुला फॉर्म भरता येतात" या बिनतोड मुद्द्यावर घरच्यांनी तिच्या बँकेचं काम माझ्याकडे दिलं आणि तिने माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र लिहून दिलं.

(आयटीवाल्यासाठी या कामातली पहिली अडचण कॅलेंडरची. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. म्हणजे महिन्यातून दोन, फार तर तीन शनिवार हातात. बाकी रजा टाकायची, नाहीतर अर्धा दिवस काढून अंधेरी ते घाटकोपर मेट्रो आणि पुढे मुलुंडपर्यंत लोकल.)

मुख्तार हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ 'निवडलेला'. मला हा अर्थ फार आवडतो, कारण सगळं मर्म त्यात आहे. लिहून देणाऱ्याने विश्वासाने एक माणूस निवडला आणि सांगितलं, माझ्या वतीने हा करेल ते मी केल्यासारखं समजा. एखाद्या ठराविक कामापुरतं असेल तर खास मुखत्यारपत्र, सर्वसाधारण असेल तर कुलमुखत्यारपत्र. यासाठी १८८२ सालचा एक छोटासा कायदा आहे. पण मुख्य नियम आहेत १८७२ च्या करार कायद्यात, जिथे मालक आणि त्याचा एजंट यांच्या नात्याबद्दल लिहिलंय. मुखत्यार म्हणजे कायद्याच्या भाषेत एजंटच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर हा कागद घेऊन मी आत्याच्या बँकेत गेलो. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांना आपापल्या बँकेत असाच अनुभव आलाय. काय काय ऐकलं त्याची यादी देतो.

१. "नोटरी केलेलं चालत नाही, रजिस्टर्ड आणा." मालमत्तेच्या दस्तांसाठी नोंदणीची गरज पडते हे समजू शकतं. पण नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र खरं आहे असं कोर्टाने गृहीत धरावं, असं साक्षीपुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात होतं आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. कोर्टाला जे चालतं ते काउंटरला चालत नाही.

२. "आमच्या फॉरमॅटमध्ये हवं." फॉरमॅट द्या म्हटलं, तर तो शाखेत नव्हता.

३. "मॅडमना एकदा ब्रँचला घेऊन या." यावर काय बोलणार? त्या येऊ शकत असत्या तर मी कशाला आलो असतो!

४. "लीगलला पाठवतो." लीगल नावाचं हे खातं नेमकं कुठे असतं, तिथे माणसं असतात का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कागद तिकडे सहा आठवडे होता.

५. "झालं सर, सिस्टीममध्ये तुमचं नाव आलं." मग नेटबँकिंग? "ते नाही होणार. मोबाइल नंबर एकच बसतो."

चार महिन्यांनी मला आत्याच्या वतीने चेकवर सही करायचा अधिकार मिळाला. म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं तंत्रज्ञान मला उघडलं, एकविसाव्यातलं नाही.

गंमत बघा. हाच कागद, हाच कायदा, पण लिहून देणारा परदेशात असेल तर चित्र बदलतं. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने काकांच्या नावे मुखत्यारपत्र पाठवलं. तिथे ॲपोस्टिल करून घेतलं, इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरला (महाराष्ट्राबाहेर झालेल्या दस्तासाठी ही मुदत आहे), आणि काम झालं. अनिवासी ग्राहकांसाठी बँकेकडे छापील नमुना तयार होता. काय चालेल आणि काय नाही याचे नियमही स्पष्ट. एनआरई खात्यातून मुखत्यार इथल्या खर्चाचे पैसे देऊ शकतो, खातेदाराला स्वतःला पैसे पाठवू शकतो, पण त्याच्या वतीने इथल्या कुणाला भेट देऊ शकत नाही. म्हणजे अमेरिकेतला ग्राहक काउंटरवर येणार नाही हे बँकेला पटतं, त्यासाठी ती नियम बनवते. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरचा ग्राहक येणार नाही हे मात्र पटत नाही.

इथे बँकेची बाजूही मांडायला हवी, कारण ती खोटी नाही. मुंबईच्या उपनगरांत 'पॉवर' या शब्दाला एक वास आहे. 'पॉवरवर घेतलेली खोली' म्हणजे काय ते इथे वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. विक्रीचा दस्त न करता मुखत्यारपत्रावर जागा फिरवायची, मुद्रांक शुल्क वाचवायचं. असे व्यवहार देशभर इतके माजले की ११ ऑक्टोबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने सुरज लॅम्प कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलंय की आपले व्यवहार बघण्यासाठी नवरा-बायको, मुलं, भावंडं किंवा नातेवाइकाला दिलेल्या खऱ्याखुऱ्या मुखत्यारपत्राला याने धक्का लागत नाही. हा दुसरा भाग फारसा कुणी वाचलेला दिसत नाही!

शिवाय म्हाताऱ्या माणसाला लुबाडणारा बहुधा बाहेरचा नसतो, जवळचाच असतो. काउंटरवरच्या माणसाच्या जागी मी असतो आणि समोर एक तिशीच्या आतला भाचा आत्याच्या एफडीबद्दल विचारत उभा असता, तर मीही चार प्रश्न जास्त विचारले असते. त्यामुळे बँकेने विचारू नये असं मी म्हणत नाही. काय विचारायचं ते ठरलेलं असावं, एकदाच विचारावं आणि उत्तर मिळालं की काम करावं, एवढंच.

आता मुख्य मुद्दा. शाखेतल्या एक बाई मला दर वेळी आपुलकीने विचारायच्या, "मॅडम बऱ्या आहेत ना?" मला वाटायचं, चौकशी करतायत. एकदा वकील मित्राशी बोलताना उलगडा झाला की हा प्रश्न कायद्याचासुद्धा आहे.

करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की मालक किंवा एजंट यांच्यापैकी कोणी मरण पावलं किंवा भ्रमिष्ट झालं की एजन्सी संपते. मरणाचं ठीक आहे, तिथून पुढे वारस आणि नॉमिनी येतात. पण दुसरा भाग नीट बघा. आत्या धडधाकट आणि शुद्धीवर असेल तर माझा कागद जिवंत. आत्याला उद्या स्मृतिभ्रंश झाला, पक्षाघाताने समज गेली, अपघाताने ती कोमात गेली, तर माझा कागद रद्द. म्हणजे ती स्वतः सही करू शकते तोपर्यंत मी तिच्या वतीने सही करू शकतो. तिला करता येईनाशी झाली की मलाही करता येत नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा बॅकअप सर्व्हर आहे जो मुख्य सर्व्हर चालू असेपर्यंतच चालतो.

मग मधल्या काळात काय? नॉमिनी माणूस गेल्यावर कामाला येतो. मुखत्यार माणूस भानावर असेपर्यंत कामाला येतो. माणूस जिवंत आहे पण भानावर नाही, या काळासाठी दोघांचाही उपयोग नाही. आणि खर्च तर याच काळात सर्वांत जास्त! दिवसरात्रीच्या बाया, औषधं, हॉस्पिटलचं डिपॉझिट. आत्याचे पैसे आत्याच्याच खात्यात, आत्यासाठीच हवेत, आणि काढायला कोणी नाही.

हा काळ लहान नसतो आणि दुर्मीळही नसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया आहे. यातले कित्येक जण आठ-दहा वर्षं त्या अवस्थेत जगतात. शिवाय समज एका दिवशी बटण बंद केल्यासारखी जात नाही. करार कायद्याचं कलम १२ हे मानतं. एरवी भ्रमिष्ट असलेला माणूस मध्येच भानावर असेल तर त्या वेळी केलेला त्याचा करार चालतो. पण मग सोमवारी आत्या भानावर, मंगळवारी नाही, बुधवारी पुन्हा आहे, असं असेल तर माझं मुखत्यारपत्र मंगळवारी मेलं आणि बुधवारी उठून बसलं का? याचं उत्तर काउंटरवर कोणाकडे नसतं. खरं सांगायचं तर बहुतेक घरांत तो प्रश्नच विचारला जात नाही. चेक जात राहतात, बँक वटवत राहते, सगळे एकमेकांकडे न बघितल्यासारखं करतात. कोणी नातेवाईक भांडायला उठला की मात्र प्रत्येक चेकचा हिशेब निघतो.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, २०९. मालक मेला किंवा भ्रमिष्ट झाला म्हणून एजन्सी संपली, तरी त्याच्या हिताचं रक्षण करण्यासाठी शक्य ती पावलं उचलणं एजंटला बंधनकारक आहे. म्हणजे अधिकार गेला, जबाबदारी राहिली. आत्याची एफडी, फ्लॅटचा मेंटेनन्स, बाईचा पगार हे सगळं मी सांभाळायचं, पण चेकवर सही करायची नाही. दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कापसाच्या गाठी आणि दलाल होते. आत्या नव्हती.

हा कायदा आपण ज्यांच्याकडून घेतला त्यांनी काय केलं? इंग्लंडने १९८५ साली समज गेल्यावरही चालू राहणाऱ्या मुखत्यारपत्राचा वेगळा कायदा केला. नंतर २००५ चा मानसिक क्षमतेचा कायदा आला आणि २००७ पासून तिथे नव्या पद्धतीचं टिकाऊ मुखत्यारपत्र सुरू झालं. शुद्धीत असताना करायचं, सही करणाऱ्याला समजतंय याची खात्री तिसऱ्या माणसाने द्यायची आणि सरकारी कार्यालयात नोंदवायचं. सिंगापूरने २००८ साली कायदा करून २०१० पासून हीच सोय आणली. तिथेही भाचे पुतणे लबाड नसतात असं नाही. नोंदणी आणि देखरेख आहे म्हणून चालतं.

आपल्याकडे काय आहे? १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व यांच्यापुरता. म्हातारपणी आलेला विसर त्या यादीत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी कोर्टाने व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. २०१७ चा नवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. तो उपचार आणि हक्क यांबाबत खूपच चांगला आहे, पण मालमत्तेची तरतूद त्यात राहिली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांचे निर्णय बघतो, बँकेचे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, पण म्हाताऱ्या आत्यासाठी ते मागायला कोणत्या दारात जायचं हे सामान्य माणसाला माहीत नाही.

मग उरतं हायकोर्ट. कोमात असलेल्या किंवा डिमेन्शिया झालेल्या माणसांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने बायकोला, मुलाला, मुलीला पालक नेमलंय, बऱ्याच वेळा घटनेच्या २२६ व्या कलमाखालचा आपला खास अधिकार वापरून. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली कोमातल्या रुग्णांसाठी कायदाच नाही हे बघून स्वतःच मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. न्यायालयांचे आभार मानायला हवेत. पण विचार करा, हॉस्पिटलचं बिल भरायला स्वतःचेच पैसे मिळावेत म्हणून फोर्टात जाऊन रिट याचिका करायची! वकिलाची फी, डॉक्टरांचे अहवाल, तारखा. ज्याला हे परवडतं त्याला त्या एफडीची तेवढी घाई नसते.

म्हणून लोक दुसऱ्या रस्त्याने जातात. पासवर्ड घेतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण धोका सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ऑनलाइन फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिलं होतं. त्यात पिन-पासवर्ड दुसऱ्याला देण्यासारख्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाच्या माथी होता. म्हणजे भाच्याने चुकीच्या लिंकवर क्लिक केलं तर भरपाई आत्या करणार. दुसरं म्हणजे पासवर्डवाल्या कारभाराला हिशेब नसतो. सिस्टीमच्या दृष्टीने प्रत्येक व्यवहार आत्यानेच केलाय. प्रामाणिक भाच्याला आपण प्रामाणिक आहोत हे दाखवता येत नाही, आणि लबाड असेल तर तो सापडत नाही. माणूस गेल्यावरही आठवडाभर एटीएममधून पैसे काढून घेणारी घरं मी पाहिलीत. ते पैसे तेव्हा वारसांचे झालेले असतात हे त्यांच्या गावीही नसतं.

आणि इथे इंजिनिअर म्हणून माझं डोकं फिरतं. कारण तांत्रिक अडचण काहीच नाही! त्याच बँकांच्या कंपन्यांसाठीच्या नेटबँकिंगमध्ये एका खात्याला अनेक लॉगिन असतात. एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा, तिसऱ्याने फक्त बघायचं. प्रत्येकाची मर्यादा ठरलेली, प्रत्येकाचा ओटीपी वेगळा, कोणी काय केलं त्याची नोंद. चार माणसांच्या वर्कशॉपला जे मिळतं ते आत्याला का नाही? मुखत्याराचं वेगळं लॉगिन, महिन्याची मर्यादा, त्याच्या मोबाइलवर त्याचा ओटीपी आणि प्रत्येक व्यवहाराचा मेसेज आत्यालाही. बँकेला हवी ती सुरक्षितता यात आहे, कागदाच्या सहा झेरॉक्सांत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत आपण काय करू शकतो? मला कळलेलं, आणि वकील मित्राकडून तपासून घेतलेलं, खाली देतो.

१. माणूस ठणठणीत असताना बचत खातं जोडखातं करा, 'दोघांपैकी एक किंवा हयात' या पद्धतीने. एकाला जमेनासं झालं तरी दुसऱ्याच्या सहीवर चालतं. मधल्या काळावर आज तरी हाच खरा उतारा आहे. पण एफडीच्या बाबतीत सावध राहा. मुदत संपल्यावर एकाची सही पुरते, मुदतीआधी मोडायची तर दोघांच्याही सह्या लागू शकतात. त्यामुळे सगळे पैसे एका मोठ्या पाच वर्षांच्या एफडीत नकोत, लहान लहान आणि पुढेमागे संपणाऱ्या ठेवा. आणि जोडखात्यात नाव आलं म्हणून पैसे आपले झाले असं समजू नका. घरातल्या बाकीच्यांना आधी सांगा, लेखी सांगितलंत तर उत्तम.

२. मुखत्यारपत्रात 'सर्व बँक व्यवहार' एवढंच लिहून थांबू नका. असे कागद शब्दाला शब्द धरून वाचले जातात. एफडी मुदतीआधी मोडणे, चेकबुक मागवणे, केवायसी देणे, लॉकर उघडणे, आयकराचं काम, जे जे हवं ते एकेक लिहा. शक्य असेल तर नोंदणी करून घ्या. आजारी माणसासाठी घरी येऊन नोंदणी करायची सोय नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यात आहे. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं, माणूस पूर्ण भानावर असल्याचं प्रमाणपत्र जोडा. आणि केल्या केल्या बँकेत देऊन टाका, गरज पडेपर्यंत कपाटात ठेवू नका.

३. समज शाबूत आहे पण हात चालत नाही, अशा माणसासाठी मुखत्यारपत्राची गरजच नसते. अंगठा, तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अशी सोय रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या परिपत्रकात कित्येक वर्षं लिहिलेली आहे. शिवाय ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने बँकांना सांगितलं की सत्तरीपुढच्या आणि अपंग किंवा आजारी ग्राहकांना रोख पोचवणं, चेक नेणं, केवायसी आणि हयातीचा दाखला घेणं या गोष्टी घरपोच द्या. शाखेत गेल्यावर तारखेसकट बोला. फरक पडतो.

४. नॉमिनी तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. पण नॉमिनी मधल्या काळात उपयोगाचा नाही, हे वर आलंच आहे.

५. नकार तोंडी घेऊ नका. "हे लेखी देता का?" या वाक्यात बरीच ताकद आहे. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

यातलं बरंचसं आम्ही आता केलंय. कलम २०१ मी आत्याला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझं डोकं गेलं की तू बिनकामाचा." मी म्हटलं, हो. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "अरे, पण मग मी शहाणी आहे तोवरच मला विचारून ठेवा ना, की डोकं गेल्यावर कोणी बघायचं. मी सांगते की! लिहून देते. नंतर मला कसं विचारणार?"

टिकाऊ मुखत्यारपत्राच्या बाजूने मी आजवर वाचलेल्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा हा सरळ आहे. मृत्यूनंतर माझं काय करायचं हे सांगायचा हक्क कायदा मला देतो, त्याला मृत्युपत्र म्हणतात. मी जिवंत असेन पण समज नसेल तेव्हा माझे पैसे कोणाच्या हातात असावेत, हे सांगायचा हक्क मात्र नाही. जे मी मेल्यानंतरच्या काळासाठी ठरवू शकतो ते जगण्याच्या शेवटच्या दहा वर्षांसाठी का ठरवू नये?

मागणी फार मोठी नाही. करार कायद्यातल्या त्या नियमाला एक अपवाद जोडा. लिहून देणाऱ्याने स्पष्ट म्हटलं असेल, दस्त नोंदवलेला असेल, तेव्हा तो भानावर असल्याचा डॉक्टरचा दाखला असेल, तर समज गेल्यावरही मुखत्यारपत्र चालू राहील. बदल्यात मुखत्याराने दर वर्षी हिशेब द्यावा, घरातल्या आणखी एका माणसाला तो बघता यावा आणि घोळ केला तर शिक्षा असावी. माझ्यासारख्या भाच्यांवर लक्ष ठेवलंच पाहिजे, माझी काही हरकत नाही. लक्ष ठेवून काम करू द्या, एवढंच म्हणणं आहे.

तोवर, घरात सत्तरीपुढचं कोणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याशी बसून बोला. "पॉवर करून ठेवू या" एवढ्यावर थांबू नका. जोडखातं, एफडींच्या मुदती, कोणी बघायचं, बाकीच्यांना कधी सांगायचं, सगळं विचारा. विषय काढायला अवघड वाटतं, माहितेय. आमच्याकडे तरी मी आठवडाभर शब्द जुळवत होतो, आणि आत्याने मात्र चष्मा लावून पासबुकं पुढ्यात ओढली.